बायपासच्या आदल्या संध्याकाळचं अर्धं वाक्य

अन्याय माझ्या वडलांवर झाला. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, नाश्त्याची गाडी आयसीयूत फिरत होती तेव्हा. हृदयाच्या ऑपरेशनचे पेशंट ठेवतात त्या खोलीत त्यांचे दोन्ही हात बँडेजच्या पट्ट्यांनी खाटेच्या कठड्याला बांधून ठेवले होते. गुन्हा काय, तर ते फर्स्ट शिफ्टला निघाले होते.

कंपनीतून रिटायर होऊन त्यांना बरीच वर्षं झालीत.

हॉस्पिटलचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही म्हणाल, ते तसलंच आहे, आपण दुसरीकडं जाऊ. दुसरीकडं वेगळं असेल अशी मला खात्री नाही, म्हणून हे लिहितेय.

मी पत्रकं लिहिते. पहिल्या ओळीत अन्याय कुणावर आणि कधी झाला ते सांगायचं, शेवटी वाचणाऱ्यानं काय करायचं ते सांगायचं, ही शिस्त मला कुठल्या शिबिरात नाही, घरात लागली. आमच्या गटाचं पहिलं पत्रक लिहिलं तेव्हा मी कॉलेजात होते. वडलांना आम्ही अप्पा म्हणतो. बजाजनगरच्या घराच्या ओट्यावर बसून अप्पांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "लई भारी लिहिलंस, माय. पण वाचून मी काय करायचं? चहा पिऊ का?"

वाळूजच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर सेटर होते ते, मशीन जुळवून देणारे. मशीन बिघडलं की भोवती पाच जण जमून भाषणं करतात, म्हणायचे, पण कोणता नट फिरवायचा ते एकही सांगत नाही. तेव्हापासून माझं एकही पत्रक त्या प्रश्नातून गेल्याशिवाय छापायला गेलं नाही. "मी काय करायचं?" मी चिडायचे, परत लिहायचे. ते परत विचारायचे.

आमची पत्रकं पोटातल्या मुलींविषयी असायची. क्रांती चौकात सिग्नलला गाड्या थांबल्या की काचेतून आत सारायचो. त्या पत्रकांवर सोनोग्राफीच्या मशीनला आम्ही सुळे काढायचो. मशीन म्हणजे राक्षस, एवढं सोपं. मी अशा कितीतरी सेंटरांच्या बाहेर उभी राहिलेय. आत कधी गेले नव्हते.

आत गेले ती अप्पांमुळं. दिवाळीनंतर जिना चढताना त्यांची छाती भरून यायला लागली. तपासण्या झाल्या, नळ्यांत अडथळे निघाले, बायपास ठरली. आणि त्याआधी डॉक्टरांनी मानेची सोनोग्राफी लिहून दिली. आईनं हे आत्याला फोनवर सांगितलं, तर आत्या म्हणाली, "सोनोग्राफी? दादाला? कितवा महिना म्हणायचा?" अप्पा हसले ते खोकला येईपर्यंत.

खोलीत भिंतीवर ती पाटी होती, इथं गर्भलिंग तपासणी केली जात नाही. अप्पा पाटीखालच्या टेबलावर शर्ट काढून झोपले, पाटी वाचली आणि डॉक्टरांना म्हणाले, "आम्हाला काही हरकत नाही सायब. मुलगी आहेच आम्हाला. ही काय उभी." डॉक्टरही हसले. मी नाही हसले. मला त्या खोलीत हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं.

गार जेल लावून डॉक्टरांनी ते हातातलं यंत्र मानेवर टेकवलं आणि मशीनमधून आवाज आला. फुस्स, फुस्स, फुस्स. अप्पांचं रक्त डोक्याकडं चाललं होतं आणि ते ऐकू येत होतं. या मशीनला आवाज असतो हेही मला माहीत नव्हतं. आमच्या चित्रात त्याला फक्त दात होते.

"कंप्रेसरचा पाइप लीक झाला की असंच वाजतंय," अप्पा म्हणाले.

"लीक नाही काका, जरा चोक आहे. डावीकडं. फार नाही," डॉक्टर म्हणाले आणि जेल पुसायला कागद दिला. फार नाही, हे शब्द घेऊन आम्ही घरी आलो. फार नाही म्हणजे किती आणि कशासाठी, ते कुणी सांगितलं नाही.

ऑपरेशन भोगीच्या दिवशी ठरलं. आदल्या संध्याकाळी अप्पा वॉर्डात दाखल होते, आणि खाटेभोवती आई, मी आणि मोठे काका. मोठे काका म्हणजे अप्पांचे थोरले भाऊ. चितेगावच्या पुढं त्यांची शेती आहे. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. भोगीला अप्पांना उपाशी ठेवणार हे कळल्यावर ते पुटपुटले, "न खाई भोगी, तो सदा रोगी. दुसरा दिवस नव्हता का यांना?"

"भाऊ, तुम्ही माझ्या वाटची भाकर खा," अप्पा म्हणाले. "रोगी मी एकटाच पुरे."

तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. तरुणच, माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. डॉक्टर बसून बोलायला लागला की काहीतरी सांगायचंय, एवढं मला कळलं.

"काका, तुमच्या मानेच्या सोनोग्राफीत डावी नळी थोडी अरुंद दिसलीय. मला कानशिलावरूनही एकदा त्या मशीननं बघायला आवडलं असतं, मेंदूत रक्त कसं फिरतंय ते. कारण काय होतं, या ऑपरेशननंतर काही पेशंट थोडे दिवस..."

"मॅडम," मोठे काका म्हणाले. हात जोडून, अगदी नम्रपणे. "शुभ बोला. उद्या माणूस टेबलावर जायचाय."

आमच्याकडं हे असंच आहे. कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं तर कुठं चाललात विचारायचं नाही. वाईटाचं नाव घेतलं की वाईटाला आपला पत्ता कळतो. आईनं लगेच पदराच्या गाठीतला अंगारा काढून अप्पांच्या कपाळाला लावला, डॉक्टरबाईंच्या शब्दावर उतारा म्हणून.

"काका, बोलू द्या ना त्यांना," मी म्हटलं.

"तू तुझी पत्रकं वाट," काका म्हणाले. "दवाखान्यात मोर्चा नको."

डॉक्टरबाई थांबल्या. अप्पांकडं बघितलं, काकांच्या जोडलेल्या हातांकडं बघितलं. "सगळं नीटच होईल," म्हणाल्या, आणि उठल्या. मी त्यांच्या मागं दारापर्यंत गेले. समोरच्या सोनोग्राफीच्या खोलीला कुलूप होतं. ज्यांच्या नावावर ते मशीन वापरायची नोंदणी होती ते डॉक्टर घरी गेले होते, आणि दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही, असा कायदा. तो कायदा मला पाठ आहे. त्याच्या बाजूनं मी उन्हात उभी राहिलेय. कुलूप बघून मला इतकी वर्षं समाधानच वाटत आलं होतं.

ऑपरेशन चांगलं झालं. सर्जन बाहेर येऊन अंगठा दाखवून गेले. संक्रांतीला आम्ही वेटिंग हॉलमध्ये अनोळखी लोकांना तिळगूळ वाटला. अप्पा काचेपलीकडून आईच्या दिशेनं डोळ्यांनी हसले.

आणि मग कर उजाडली.

मला आत बोलावलं तेव्हा वॉर्डबॉय अप्पांच्या खांद्यावर हात दाबून उभा होता. "चाचा, लेटो ना. कित्ते बार बोलना तुमको?" मानेतली सुई त्यांनी ओढून काढायला बघितली होती, म्हणून हात बांधलेले. मॉनिटर टूं टूं वाजत होता आणि अप्पा त्याच्याकडं बघत ओरडत होते, "बंद करा मशीन! शीट सरकलीय! सगळे पार्ट रिजेक्ट व्हायलेत, कुणी बघायलंय का नाय?"

मी जवळ गेले. "अप्पा, मी आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. फार सभ्यपणे म्हणाले, "सायब, गेटपासवर सही द्या. पोरगी वाट बघत असंल घरी."

ज्या माणसानं माझी प्रत्येक ओळ वाचली, त्यानं मला ओळखलं नाही. यावर पत्रक लिहिता येत नाही. मी उभी राहिले एवढंच.

ड्यूटीवरच्या डॉक्टरनं आईला विचारलं, "रोज घ्यायचे का?"

"काय घ्यायचे?"

"दारू."

"अवो, सुपारीच्या खांडाला शिवले नाहीत ते," आई म्हणाली, आणि तिथंच खाली बसली. एकदम दारू सुटलेला माणूसही असाच बरळतो, विचारावंच लागतं, हे मला नंतर समजलं. प्रश्न चुकीचा नव्हता. पण पहिला प्रश्न तोच होता आणि शेवटचाही तोच. त्याच्यापुढं गुंगीचं इंजेक्शन आणि पट्ट्या. शेजारच्या खाटेच्या बाईंनी पडदा ओढून घेतला. बजाजनगरात दुपारपर्यंत बातमी पोचली की सेटर काकांच्या डोक्यावर परिणाम झाला.

बाहेर मोठे काका म्हणाले, "कर आहे आज. करीला असंच असतंय. उद्या बघ कसे टवटवीत होतेत."

अशुभ बोलू दिलं नाही तेही यांनीच, आणि अशुभ घडल्यावर पंचांग दाखवलं तेही यांनीच.

त्या डॉक्टरबाई धावतच आल्या. आधी सीटी करून घेतला. लकवा नव्हता. मग खाटेजवळ येऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. "यांचा चष्मा कुठंय?"

चष्मा आईच्या पिशवीत होता, रुमालात गुंडाळलेला, तिळगुळाच्या डब्याशेजारी. घड्याळ, माळ, चष्मा काही आत ठेवायचं नाही, असं हॉस्पिटलनं सांगितलं म्हणून आम्हीच तो ताब्यात घेतला होता. म्हणजे अप्पा भुलीतून उठले ते एका अंधुक खोलीत, नाकात नळ्या, कानात मशीनचा आवाज, आणि एकही चेहरा धड दिसत नाही. असं ठिकाण त्यांनी आयुष्यभर कुठलं बघितलं? कंपनीतलं मशीनशॉप. मला तर त्यांचं म्हणणं बरोबरच वाटायला लागलं.

डॉक्टरबाईंनी चष्मा घातला. खिडकीचा पडदा सारला, ऊन खाटेवर आलं. एक हात सोडवला आणि तो माझ्या हातात दिला. "धरून बसा. आज कुठला वार, आपण कुठं आहोत, ऑपरेशन झालं, हे परत परत सांगा. शिफ्टवरून वाद घालू नका. यांना खोटं पाडू नका." मग सिस्टरला म्हणाल्या, "घरचं एक माणूस दिवसभर इथंच बसेल. माझ्या जबाबदारीवर."

मी बसले. वार सांगत राहिले. संध्याकाळकडं अप्पांनी दुसरा हात सोडवायला सांगितला, नाक खाजवायचंय म्हणून. सिस्टरनं पट्टी काढली. मनगटावर लाल वळ होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना मी जिन्यात गाठलं. भांडायलाच. "त्या संध्याकाळी तुम्ही काय सांगणार होतात? पूर्ण सांगा."

"हेच," त्या म्हणाल्या. "की काही पेशंट थोडे दिवस भरकटतात. वेळ, जागा, माणसं विसरतात. बहुतेकजण सावरतात, काहींचं डोकं महिनोन्‌महिने आधीसारखं चालत नाही. मानेतल्या नळ्या अरुंद असतील, मेंदूतलं रक्त आधीच तोलून मापून फिरत असेल, तर धोका जास्त असू शकतो. सोनोग्राफीनं त्याचा थोडा अंदाज येतो."

"थोडा म्हणजे? सांगता येतं की नाही?"

"हमी देऊन नाही. या तपासणीवर अजून अभ्यास चाललेत, माझ्यासारखे काहीजण वापरून बघतात." त्या जिन्याच्या कठड्याला टेकल्या. "हे बघा, कन्नडच्या घाटात निघण्याआधी टायर गुळगुळीत दिसला, तर तो घाटात फुटेलच असं नाही. पण आपण गाडी हळू घेतो ना? ऑपरेशनमध्ये रक्तदाबाकडं मी जास्त डोळा ठेवला असता. आयसीयूत सांगून ठेवलं असतं, या पेशंटला चष्मा लावा, घरचं माणूस बसवा, झोपू द्या, हात बांधायच्या आधी मला बोलवा. याला तर मशीनही लागत नाही. पण मशीननं दाखवलं की लोक मनावर घेतात."

"मग सांगितलं का नाही? काका काय तुमचे सासरे होते?"

त्या थोड्या हसल्या. "माझ्या वडलांच्या वेळी आमच्या आत्यानं सर्जनला असंच गप्प केलं होतं. शुभ बोला म्हटलं की माझी जीभ आपोआप थांबते. मीही इथलीच आहे ना."

मी भांडायला गेले होते, आणि समोर माझ्याच घरातली बाई निघाली. राग गेला नाही. राग कुठं ठेवायचा तेवढं बदललं. एका बाईची जीभ अडखळली, ठीक आहे. पण इतक्या मोठ्या हॉस्पिटलात ती सूचना आयसीयूपर्यंत जायला तिच्या जिभेशिवाय दुसरा रस्ता का नव्हता? मानेचा रिपोर्ट होता, तो वाचून सांगणारी बाई होती, मशीन होतं. आणि हे सगळं थोरल्या काकांच्या मूडवर उभं होतं.

हे मी गटात मांडलं. आमच्या गटातल्या ज्येष्ठ ताई ऐकून घेतात, मग एकच प्रश्न विचारतात. "आज हृदयासाठी कुलूप काढायचं म्हणतेस. उद्या कशासाठी निघेल?" गाडीच्या डिकीतून गावोगाव फिरलेली मशीनं त्यांनी बघितलीत. त्यांची भीती मला पाठ आहे, मीच ती छापलीय. मी कुलूप काढा म्हणत नाहीच. मी म्हणते, जिथं हृदय उघडतात तिथं ते मशीन वापरायची रीतसर नोंदणी असलेला माणूस ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी हजर पाहिजे. कायदा पाळायचा आणि माणूसही बघायचा. ताई म्हणाल्या, विचार करू. आम्ही अजून विचारच करतोय. पण पत्रकावरचे सुळे मी काढून टाकलेत.

अप्पा घरी आल्यावर मोठे काका हुरडा घेऊन आले. अप्पा आत झोपले होते. काका ओट्यावर बसून कणीस चोळत राहिले, मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्या मॅडम काय सांगणार होत्या त्या दिवशी?"

मी सगळं सांगितलं. घाटातल्या टायरसकट.

"मग तव्हाच ठणकावून सांगायचं ना!"

"तुम्ही बोलू दिलं का?"

"मी शुभ बोला म्हटलं," काका म्हणाले. "गप बसा कुठं म्हटलं?"

त्यांनी हुरड्याची ओंजळ माझ्यापुढं धरली.

अप्पांनी माणसं ओळखली, वार ओळखला, जेवायला लागले. लोक म्हणाले, झाले की बरे. पण दूध आणायला गेलेले अप्पा डेअरीपाशी उभे राहून घरी फोन करायचे, "मी कशाला आलतो गं?" मित्रांबरोबर पत्ते खेळताना हुकूम कोणता ते विसरायचे आणि चिडून डाव मोडायचे. आणि उन्हाळ्यात मी नवं पत्रक त्यांच्या हातात दिलं, तर चष्मा लावून त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं, चार घड्या घातल्या, खिशात ठेवलं आणि म्हणाले, "चांगलंय."

चांगलंय. एवढंच. तो प्रश्न आला नाही. मी आत जाऊन नळ मोठा सोडून रडले. माझे वडील जिवंत होते, त्यांचं हृदय आता माझ्यापेक्षा बरं चालत होतं, आणि तो प्रश्न विचारणारा माणूस ऑपरेशनला गेला तो परत आला की नाही हे मला कळत नव्हतं. त्यानंतरची पत्रकंही "चांगलंय" वरच गेली.

परवा हे सगळं, इथपर्यंतचं, मी त्यांना ओट्यावर वाचून दाखवलं. हात बांधल्याचं आलं तेव्हा त्यांनी मनगटं उलटीसुलटी करून बघितली. "मला काय आठवत नाय," म्हणाले. आत्याच्या फोनला हसले. वाचून संपलं. समोरच्या घरातला माणूस स्कूटर धूत होता, अप्पा तिकडं बघत राहिले.

"लई लिहिलंस, माय," म्हणाले. "पण..."

आणि थांबले. शब्द हरवला होता. मी तो देऊ शकले असते, माझ्या तोंडात तयार होता. दिला नाही. स्कूटरवाल्यानं बादली उपडी केली, पाणी रस्त्यावरून आमच्या पायरीपर्यंत आलं.

"पण वाचणाऱ्यानं काय करायचं?" अप्पा म्हणाले.

मी मान वळवली, त्यांना दिसू नये म्हणून. थोड्या वेळानं, विचारलेलं विसरून, त्यांनी परत विचारलं. मी परत ऐकलं. म्हणून पुढचं लिहितेय. ते मी त्यांना उद्या वाचून दाखवणार आहे.

तुमच्या घरात कुणाची बायपास ठरली असेल, तर आदल्या संध्याकाळी, अंगाऱ्याच्या आधी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना खाटेशेजारी बसवा. जे कुणी "शुभ बोला" म्हणतील त्यांना चहा आणायला पाठवा. आणि विचारा: डोक्याकडं जाणारं रक्त मशीननं बघितलं का? काय दिसलं? माणूस भरकटला, तर त्याचे हात बांधायच्या आधी तुम्ही काय काय करणार? चष्मा कुणाकडं राहणार, आणि आमचं कोण आत बसणार? वाक्य संपेपर्यंत त्यांना उठू देऊ नका.